एकदाच दाबावं

दाबलं.
काही नाही.
सारंगी आपली चाललेलीच, मला न विचारता.
दारात दूधवाला, महिन्याचा हिशोब सांगतोय,
ओठ दिसतात, आकडा ऐकू येत नाही.
म्हणून पुन्हा दाबलं.
तेवढ्यात पहिलं दाबणं पोचलं, सारंगी थांबली,
आणि त्याच्या मागोमाग दुसरं पोचलं,
सारंगी सुरू झाली.
दूधवाला हसला.
चौदाशे की सोळाशे, मला अजून कळलेलं नाही.

पाडव्याला सुदर्शन पुण्याहून आला, तेव्हा बसवून गेला हे सगळं.
गाणी माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरात,
काळी डबी खाली, टीव्हीशेजारी,
राउटर जिन्यातल्या देवळीत, जिथं आधी कंदील असायचा.
"बाबा, सगळं हवेतून जातं," म्हणाला.
जात असेल.
पण मला वाटतं जिना चढूनच जातं,
कठडा धरत, माझ्यासारखं,
आणि वर पोचल्यावर
कशाला आलो होतो ते विसरतं.

सात सेकंद. घड्याळ लावून मोजलेत.
दुपारी, शेजारची पोरं मोबाइल घेऊन बसली की अकरा.
सुदर्शन फोनवर म्हणतो, राउटर बंद करून चालू करा,
त्यातली एक तार बदला, दुसरी काढा.
प्रयाग पोळपाटावरून मान वर न करता म्हणते,
"काहून सारखं दाबायलात त्याला?
मधी कोठी हाय की.
पत्र्याची कोठी, वर दोन पोते ज्वारी. कुठून जावं त्यानं?
ज्वारी सरू द्या, मग बगा कसं पळतंय."

मी हसलो.
सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं काढलेला माणूस
जसा हसेल तसा.

कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची पाटी,
परभणी द्या, परभणी.
नांदेड. नांदेड, झोपलात का.
हैदराबाद मागायचं तर घसा आधीच खाकरून ठेवायचा.
माझ्या पाठीमागे लाकडी बाक,
बाकावर गाव बसलेलं, ट्रंक कॉल लावून.

जैतुनबी वालूरहून सकाळच्या एसटीनं यायची.
पोरगा हैदराबादेत, बेकरीत.
बुकिंग दहाला. लाइन लागली तर तीनला, नाहीतर नाहीच.
बाकाच्या त्याच टोकाला, चपला खाली जोडून.
बाकीचे दर दहा मिनिटांनी खिडकीशी,
लागली का, लागली का हो, जरा पुन्हा बघा.
ती एकदाही उठली नाही.
शेवटी मीच म्हणायचो, जा आता, उद्या या.
"लगाए ना साब?" ती विचारायची.
लावलीय.
"फिर निकली हुइंगी. रस्ते में हुइंगी."

एकदा साडेतीनला लागली.
तीन मिनिटं मिळायची, आणि ही बोलेचना.
"बोला, मिनिटं चाललीत," मी ओरडलो.
तिनं हात वर केला,
रस्त्यात एखाद्या पोराला थांबवावं तसा, माझ्याकडे न बघता.
पूर्ण एक मिनिट गेलं.
मग म्हणाली, खा लिया क्या.
पैसे मोजताना तिनं सांगितलं:
पाठीमागे ट्रे वाजत होते, भट्टीत सरकवायचे.
एवढं स्पष्ट कधी आलं नव्हतं.

या गोष्टीला किती वर्षं झाली, मोजलेली नाहीत.
मोजतो ते सेकंद.
त्या बाकाकडे पाठ करून बसण्याचा पगार घेतला मी,
आणि सात सेकंदांत माझा अंगठा
माशी मारल्यासारखा आपटतो.

काल रात्री बिहाग संपत आला होता, झोप येत होती.
एकदाच दाबलं.
रिमोट उशाशी पालथा ठेवला.
निघालं असेल. देवळीपाशी असेल.
सारंगीचा गज तेवढ्यात आणखी एकदा खालच्या निषादावर गेला,
जो मी ऐकणार नव्हतो,
आणि थांबला.

पोळा झाला. कोठी अर्ध्यावर आलीय.
आज सकाळी पुन्हा मोजलं: पाच.
प्रयागला अजून सांगितलेलं नाही.